पंच क्रमांक दोन

४ नोव्हेंबर २००६, शनिवार

मनोरमाच्या पाटल्या गेल्या. दुपारी तिने दार वाजवलं तेव्हा तिचा चेहरा बघून मला वाटलं, कोणी वारलं. दिवाळीत घातल्या, भाऊबीजेनंतर डब्यात ठेवल्या, आज बघते तर डबा जागच्या जागी आणि आत नुसता कापूस. तिच्या आईच्या होत्या. त्यातली एक मधे चिरली होती, तिला सोनाराने आतून डाग दिलेला. गिरगावात त्यांच्या घरी गेले की तिची आई तो डाग मला अंगठ्याने चाचपायला लावायची.

आम्ही दोघींनी तिचं सगळं घर उलथंपालथं केलं. तांदळाच्या डब्यातसुद्धा हात घालून पाहिला. गिरगाव सोडून आम्ही दोघी इथे जेसल पार्कला एकाच वर्षी आलो, एकाच मजल्यावर. तेव्हा खिडकीतून मिठागरं दिसायची. संध्याकाळी त्यांच्यावर गुलाबी ऊन पडायचं आणि आम्ही म्हणायचो, गिरगाव गेलं तर गेलं, हे काय वाईट आहे.

हे सोसायटीचे सेक्रेटरी, म्हणून तक्रार द्यायला तिच्याबरोबर हेच चौकीवर गेले. घराची एक चावी वॉचमनकडे असते, असं तिने तक्रारीत लिहून दिलं. तिची, आमची, अर्ध्या इमारतीची असते.

६ नोव्हेंबर, सोमवार

गेटवर शिवा नाही. आठ वर्षं तो आमचा वॉचमन, लांज्याकडचा. लिफ्ट बंद असली की भाजीची पिशवी चार मजले वर आणून द्यायचा. मी एक बंद धरायला गेले की म्हणायचा, "काकी, तुमी नुसता हात लावा, वजन मी घेतो."

यांना विचारलं. "गावी गेला असेल," म्हणाले.

"न सांगता?"

"अगं, बायको दिवाळीपासून तिकडेच आहे त्याची. गेला असेल." पेपरातून मान वर केली नाही.

मला रागच आला. निदान काकीला सांगून जायचं.

९ नोव्हेंबर, गुरुवार

आज मी पोलीस चौकीत जाऊन आले. आयुष्यात पहिल्यांदा. शिवाने चोरी कबूल केली आणि पाटल्या सापडल्या. शिवाने!

दुपारी हवालदार बोलवायला आला. पंचनाम्यावर दोन पंच लागतात. सेक्रेटरी म्हणून हे होतेच. फौजदार म्हणाले, "मॅडम पण येऊ देत. एक लेडीज असली की कोर्टात बरं दिसतं." चांगले बोलले, खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. शिवाच्या जिन्याखालच्या खोलीतली ट्रंक त्यांनी आधीच आणून टेबलाखाली ठेवली होती आणि पाटल्या पाकिटात घालून टेबलावर. किती पटापट काम करतात. उगाच नावं ठेवतात लोक.

मी वाचायला पिशवीतून चष्मा काढला तर फौजदार हसले. "वाचायचंय काय त्यात, मॅडम? अजून लिहायचंच आहे. आमची पोरं नंतर फेअर करतात. तुम्ही फक्त खाली." दोन कोरे कागद होते. खाली कोपऱ्यात पेन्सिलीने फुली केलेली, तिथे सही. यांची पहिली, म्हणून मी पंच क्रमांक दोन.

चहा पिताना हे सहज म्हणाले की आमच्या स्वप्नीलचा पासपोर्ट पोलीस व्हेरिफिकेशनला अडकलाय, मस्कतची नोकरी थांबलीय. "काका, ते माझ्यावर सोडा," फौजदार म्हणाले.

निघताना पॅसेजमध्ये शिवा दिसला. भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता, एक हात कानावर दाबून. आमच्याकडे बघितलं नाही. शरम वाटली असेल. मलाच त्याच्याकडे बघवेना.

१३ नोव्हेंबर, सोमवार

स्वप्नीलचं व्हेरिफिकेशन झालं. हवालदार स्वतः घरी आला, पाच मिनिटांत कागद करून गेला. एक पैसा मागितला नाही. मी दिवाळीतल्या उरलेल्या चकल्या दिल्या.

"आई, लोकांना दोन-दोन महिने लागतात," स्वप्नील म्हणाला.

मी म्हटलं, आपण कोणाच्या उपयोगी पडलो की लोक आपल्या उपयोगी पडतात.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

शिवाची बायको उर्मिला आली होती. गावाहून उतरली ती सरळ इकडेच. पिशवी खांद्यावरून काढलीसुद्धा नाही. पाणी दिलं, ते घेतलं नाही.

"काकी, तुमच्यासमोर ट्रंक उघडली?"

"कागदावर आहे तसं," मी म्हटलं.

"कागद ऱ्हाऊ दे. उघडली तवा सगळ्यात वर काय होतं?"

मी पाण्याचा पेला परत तिच्यापुढे केला.

"माझी लग्नाची साडी हाय वर. तिचा रंग सांगा."

हे आतून आले आणि म्हणाले, "हे बघ, जे काही आहे ते कोर्टात सांग." ती माझ्याकडेच बघत होती. मग जिन्याने खाली गेली. लिफ्ट चालू होती तरी.

आज जेवण गेलं नाही. सगळा दिवस मी त्या साडीचा रंग आठवतेय, आणि आठवायला काही नाहीच.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

कोळीण गोदूबाई चौक गावाहून बोंबील घेऊन आली. गेटवर नवा वॉचमन बघून म्हणाली, "जुना सुटला न्हाय का अजून? बिचाऱ्याचा कान केवढा सुजलेला."

"तू कधी पाहिलास?"

"त्या मंगळवारी. पोराच्या स्कूटरीचा कागद आणाय गेलेली चौकीत. हा तिथं साहेबाची जीप धूत होता. वळखच द्यायना मला."

मागचा मंगळवार का, मी विचारलं. नाही, त्याच्याही मागचा, ती म्हणाली. भांडणच झालं होतं त्या दिवशी तिचं बसवाल्याशी, म्हणून पक्कं आठवतं.

वर येऊन ही वही काढली. तो मंगळवार म्हणजे सात तारीख. सोमवारी तो गेटवर नव्हता हे माझ्याच हातचं लिहिलेलं आहे. आणि पेपरात छापलंय, गुरुवारी सकाळी अटक. शाळेत सिस्टर ॲग्नेस आमच्याकडून मूलभूत हक्क पाठ करून घ्यायची. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं पाहिजे. मला त्यात दहापैकी दहा मार्क होते.

यांना सांगितलं.

"पोलिसांचं काम पोलीस करतात," हे म्हणाले. "तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होतीस तेव्हा विचारायचीस का वरच्यांना, हे कशाला आणि ते कशाला?"

नाही विचारलं. हे कधी कोणाला सांगितलेलं नाही, इथे लिहिते. आणीबाणीत आमच्या सुपरवायझरने अकरा नंबरांची यादी दिली होती. त्या नंबरांवर कोणाचा ट्रंक कॉल येतो, किती मिनिटं, एका वहीत लिहायचं. माझं अक्षर वळणदार, म्हणून वही माझ्याकडे. त्यातले एक शाळामास्तर होते. बायकोशी बोलताना "जेवलीस का" एवढंच दरवेळी. एका आठवड्यात त्यांचे कॉल बंद झाले. मी रकान्यात रेघ मारली आणि पुढच्या नंबरवर गेले. सत्त्याहत्तर साली सरकार पडलं तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत मी होते.

२६ जानेवारी २००७, शुक्रवार

झेंडावंदन झालं. यांनी दोरी ओढली, वेफर आणि बुंदीचे लाडू वाटले. सी विंगमधले पंढरीनाथ खुर्ची टाकून बसले होते. कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेत, तिरकस बोलतात, म्हणून त्यांच्याशेजारी कोणी बसत नाही. आज मी बसले. सगळं सांगितलं.

"वहिनी, पंच म्हणजे कोण?"

"पोलिसांना मदत करणारा."

"सगळ्यांना हेच वाटतं. तीस वर्षांत मी चाळीस पंचनाम्यांवर एकच रिक्षावाला पाहिलाय. मदत करून करून त्याने चौकीसमोर स्टँड मिळवला." लाडूचा चुरा धोतरावरून झटकला. "पंच पोलिसांसाठी नसतो हो. त्यांच्यावर असतो. सरकारला कोणाच्याही घरात शिरायची ताकद दिली आणि त्याच्यामागे दोन शेजारी उभे केले. बघा म्हणे, हा कुठे हात घालतो ते. सरकारला बांधायला आपल्याकडे एवढ्याच दोऱ्या आहेत. त्यातली एक तुमच्या हातात होती."

"आणि आम्ही?"

"तुम्ही चहा प्यायलात."

मी विचारलं, पण शिवाने खरंच चोरी केली असेल तर?

"केलीही असेल. मला काय माहीत? तुम्हाला तरी काय माहीत? तुम्ही पाहिलंत की नाही, तेवढाच तुमचा प्रश्न. आणि चोवीस तास म्हणजे चोर सोडून बाकीच्यांना, असं घटनेत कुठे लिहिलेलं माझ्या वाचनात नाही."

आता काय करता येईल? लेखी द्या, म्हणाले, आजच. नाहीतर साक्षीला बोलावतील तेव्हा खरं सांगा. मात्र तोवर तो आतच राहील.

स्वप्नील मार्चमध्ये मस्कतला जायचा आहे. तोवर काही नको. मी हे लिहितेय आणि मला कळतंय मी काय लिहितेय.

८ मार्च २००७, गुरुवार

मनोरमाला पाटल्या कोर्टातून बाँडवर परत मिळाल्या. दाखवायला आली. हात खाली केला की मनगटावरून घसरतात.

"बारीक झालेय मी," म्हणाली.

मी एक हातात घेतली, आतून अंगठा फिरवला. मग दुसरी घेतली. गुळगुळीत.

"डाग कुठाय?"

"वितळवून पुन्हा केल्या असतील त्याने."

"दहा-बारा दिवसांत? आणि वॉचमनने?"

तिने पाटल्या काढून घेतल्या, पुन्हा घातल्या. "वासंती, आईच्या पाटल्या गेल्या त्या गेल्या. मिळाल्या त्या घातल्या. तू मला आता नको विचारू." चहा न घेता गेली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

१९ जून २००७, मंगळवार

उर्मिला समोरच्या इमारतीत भांडी घासते. शिवाला जामीन मंजूर झालाय पण जामीनदार मिळत नाही, म्हणून अजून ठाण्याच्या जेलमध्ये. मी यांना म्हटलं, आपण राहू या का? हे हसले. "सरकारी पंच आरोपीला जामीन राहिलेले ऐकलेत का कधी?"

रस्त्यात ती दिसली की मी मेडिकलच्या दुकानात शिरते. घरात क्रोसिनच्या सात पट्ट्या झाल्यात. स्वप्नील मस्कतला जाऊन तीन महिने झाले. आता मी कशासाठी थांबलेय?

५ ऑगस्ट २००८, मंगळवार

समन्स आलं. दोघांना एकाच पाकिटात. वर्षभर या वहीत मी लोणच्याच्या कृती आणि ब्लडप्रेशरचे आकडे लिहिले.

हे म्हणाले, "दोन वाक्यं आहेत. पंचनामा माझ्यासमोर झाला. सही माझी आहे. बास."

"पहिलं खोटं आहे."

"दुसरं खरं आहे ना?"

रात्री मस्कतहून फोन. यांनी त्याला आधीच सांगून ठेवलेलं दिसतं. "आई, प्लीज. बाबांना या वयात त्रास नको. तिकडे कोणाला पडलंय?"

मी म्हटलं, जेवलास का. आणि फोन यांच्याकडे दिला.

१८ सप्टेंबर २००८, गुरुवार

काशीमिऱ्यापर्यंत रिक्षा, तिथून ठाण्याची बस. सकाळी निघतानाच मी यांना सांगितलं, मी खरं सांगणार. बसमध्ये यांनी माझ्या मांडीवरची पिशवी स्वतःकडे घेतली.

आधी यांना आत बोलावलं. दुसऱ्या साक्षीदाराने ऐकायचं नसतं, म्हणून मी बाहेर बाकावर. पलीकडच्या टोकाला उर्मिला. मध्ये चार माणसांची जागा, कोणी बसलं नाही. वीस मिनिटांनी पुकारा झाला.

शिवा पिंजऱ्यात उभा होता. केस पांढरे झालेत. कोणी बोललं की पूर्ण मान वळवून डावा कान पुढे करत होता.

सरकारी वकील तरुण बाई, छान साडी. सही तुमची? माझी. ट्रंक तुमच्यासमोर उघडली? नाही. पाटल्या तुमच्यासमोर काढल्या? नाही, आम्ही गेलो तेव्हा टेबलावर होत्या, आणि कागद कोरा होता.

तिने फाईल मिटली. साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर करावं, असं कोर्टाला म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "तुमचे पती आत्ताच शपथेवर सांगून गेलेत की ट्रंक तुम्हा दोघांसमोर उघडली. ते खोटं बोलतात का?"

हे मागच्या बाकावर बसले होते. गुडघ्यांवर हात ठेवून, झेंडावंदनाला बसतात तसे.

मी म्हटलं, "आम्ही एका रिक्षाने गेलो, एका टेबलापुढे बसलो, एका रिक्षाने घरी आलो. मला दिसलं नाही ते यांना दिसायला जागाच नव्हती."

"आरोपीच्या बायकोने काय दिलं तुम्हाला?"

"काही नाही. मी दिलेलं पाणीही ती प्यायली नाही."

मग जजसाहेबांनी स्वतः विचारलं. "शिकलेल्या आहात. कोऱ्या कागदावर सही का केलीत?"

"मागितली म्हणून," एवढंच आलं. टायपिस्टने ते टाइप केलं.

परतीच्या बसमध्ये हे काशीमिऱ्यापर्यंत पुढच्या बाकावर बसले. तिकिटं मात्र दोन काढली.

२ ऑक्टोबर २००८, गुरुवार

हे वेळेवर जेवतात, वेळेवर औषध घेतात, आणि मला "अहो" म्हणतात. छत्तीस वर्षांत मला "अगं" शिवाय हाक नव्हती. मनोरमाने आमच्या दारात ठेवायची तिची दुधाची पिशवी आता दुसरीकडे ठेवायला सांगितलीय. जिन्यात कोणीतरी म्हणालं, चोराची काकी.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

शिवा निर्दोष सुटला. मी एकटीच गेले होते.

पंढरीनाथांनी संध्याकाळी निकाल समजावला. दोन्ही पंचांच्या जबान्या परस्परविरोधी, म्हणून संशयाचा फायदा. "तुम्ही खरं बोललात असं कोर्ट म्हणालेलं नाही, वहिनी. नवराबायको दोघं एकदम खरं बोलू शकत नाहीत, एवढंच म्हणालंय." आणि अटकेच्या आधीच्या दिवसांबद्दल? एक ओळ नाही. फौजदारांची तर बदलीही होऊन गेली, बढतीवर.

कोर्टाच्या पायऱ्यांवर शिवा मला म्हणाला, "काकी, बऱ्या हायत?" आणि उत्तर ऐकायला डावा कान पुढे केला. उर्मिलाने त्याला हाताला धरून दोन पायऱ्या खाली नेलं, मग एकटी वर आली.

"कोर्टात बोललात ते चांगलं केलंत," ती म्हणाली. "त्या दिवशी सही करताना नुसतं वाचते म्हणाला असतात, तर हा घरी होता."

ती रागाने बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

२० ऑक्टोबर २००८, सोमवार

काल दिवसभर बसून अर्ज लिहिला. जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या नावे. शिवाला सहा तारखेच्या सोमवारपासून नऊ तारखेपर्यंत अटक न दाखवता चौकीत ठेवलं, मारहाण केली, मॅजिस्ट्रेटसमोर नेलं नाही. पंचनामा कोऱ्या कागदावर झाला. त्यावर सही करणारी मी, माझ्यावरही कारवाई व्हावी. पंढरीनाथांनी वाचून फक्त एक स्वल्पविराम घातला. म्हणाले, बहुधा काही होणार नाही, पण कागद त्यांच्या घरात जाऊन पडू दे. उद्या दुसऱ्या कोणाला शोधायचा असेल तर मिळेल.

सकाळी यांना चहा दिला आणि अर्ज समोर ठेवला. चोरून द्यायचा नव्हता. यांनी चष्मा लावला आणि शेवटपर्यंत वाचला. मग परत पहिल्या ओळीवर आले.

"सोमवार नाही," म्हणाले.

"माझ्या वहीत आहे. सोमवारी तो गेटवर नव्हता."

"रविवार. पाच तारीख. संध्याकाळी साडेसहा."

मी खुर्ची ओढून बसले.

"फौजदारांचा फोन आला होता, त्याला घेऊन या म्हणून. मी त्याला म्हटलं, चल, मनोरमाबाईंच्या तक्रारीवर तुझी एक सही हवीय. तो निघाला माझ्याबरोबर." यांनी कप उचलला, न पिता खाली ठेवला. "वाटेत मला विचारलं, साहेब, गेटवर कोण उभं राहील? मी म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे."

मी विचारलं, तेव्हाच स्वप्नीलच्या पासपोर्टचं बोलणं झालं का? यांनी मान हलवली. हो म्हणून.

"सुधार ते," म्हणाले. "रविवार लिही. कोणी नेऊन दिलं ते पण लिही. नाव पूर्ण लिही."

मी लिहिलं. यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. लग्नपत्रिकेनंतर मी ते एवढं सावकाश कधी लिहिलं नव्हतं.

"आणि कोर्टात मी सांगितलं ते?"

"ते तुमचं तुम्ही लिहा."

"अगं, आत टाकतील मला."

मी अर्जाची घडी घातली. यांनी विचारलं, "पोस्टाने पाठवणार?"

"नेऊन देणार. पोच घेणार."

"मग सव्वादहाची बस मिळेल," म्हणाले आणि शर्ट बदलायला आत गेले.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं आहे. कपाट उघडल्याचा आवाज आला, त्यानंतर काही नाही. आता साडेदहा झाले. मी चप्पल घालून दाराशी बसलेय आणि हे लिहितेय. पुढची बस अकराची आहे.